लोअर केलेल्या गाडीला एअर सस्पेन्शन: चारही कोपऱ्यांना एकच बॅग चालेल का?

पाटेवाला

गाडी चार दारांची, जुन्या पद्धतीच्या लॅडर चासीवरची, इंजिन पुढे आणि ड्राइव्ह मागच्या चाकांना. पुढे डबल विशबोन (चाकाला धरणारे वर-खाली दोन आर्म) आणि कॉइल स्प्रिंग, शॉकअप कॉइलच्या आतून जातो. मागे सॉलिड एक्सल, पाटे. सध्या पुढच्या कॉइल कापून आणि मागे पाटे व एक्सलच्या मध्ये ठोकळे घालून गाडी साधारण ९० मिमी खाली आणलेली आहे. पुढचा भाग लहान खड्ड्यातही रबर स्टॉपरवर आपटतो.

मोजमापं देतो. चाकानिहाय काट्यावर वजन: पुढे प्रत्येकी ४१० किलो, मागे प्रत्येकी ३२० किलो. पुढच्या खालच्या आर्मची लांबी पिव्होटपासून बॉल जॉइंटपर्यंत ३८० मिमी, कॉइलचा मध्य पिव्होटपासून २३० मिमीवर. चालताना चासी जमिनीपासून १२० मिमी असावी आणि उभी असताना ४० मिमीपर्यंत खाली बसावी, एवढंच हवं आहे.

बघितलेल्या किटमध्ये चार सारख्या ७ इंची डबल कॉन्व्होल्यूटेड बॅगा (स्प्रिंगच्या जागी बसणाऱ्या, हवेने फुगणाऱ्या, दोन वळ्यांच्या रबरी बॅगा), ३ गॅलनची टाकी, १५० पीएसआयला (चौरस इंचाला पौंड, हवेचा दाब) बंद होणारा एक कॉम्प्रेसर आणि आठ व्हॉल्व्हचं मॅनिफोल्ड (बॅगांत हवा भरणारे-सोडणारे व्हॉल्व्ह एकत्र असलेला ठोकळा) आहे. हे पुरेल का? मागचे पाटे तसेच ठेवून बॅगा लावता येतील का? आणि बसवण्याची सुरुवात नक्की कुठून करायची?

दाबमापक

चार सारख्या बॅगा घेऊ नका. तुमच्याच आकड्यांवरून दाखवतो.

पुढच्या ४१० किलोतून चाक, टायर, डिस्क, स्पिंडल असं न झुलणारं वजन वजा करा. साधारण ४० धरू. राहिले ३७०. बॅग चाकाच्या जागी नाही, आर्मवर आत आहे, म्हणून तिच्यावर येणारा भार ३७० गुणिले ३८० भागिले २३०, म्हणजे ६११ किलो. या मापाच्या डबल बॅगचं प्रभावी क्षेत्रफळ चालण्याच्या उंचीला १२९ चौसेमीच्या आसपास धरलं तर चौसेमीला ४.७४ किलो, म्हणजे ६७ पीएसआय लागतात. उत्तम आकडा आहे. ६० ते ८५ च्या पट्ट्यात बॅग नीट काम करते.

आता मागे. ३२० मधून अर्धा एक्सल, चाक, ब्रेक मिळून ७० किलो काढा. उरले २५०. बॅग थेट एक्सलवर बसवली तर लीव्हर नाही, तीच १२९ चौसेमीची बॅग फक्त २७ ते २८ पीएसआयवर गाडी उचलून धरेल. इतक्या कमी दाबावर मागचा भाग वळणावर लोळतो आणि दोन माणसं मागे बसली की उंची भसकन उतरते. मागे लहान क्षेत्रफळाची स्लीव्ह बॅग (सरळ नळीसारखी, खालच्या पिस्टनवर गुंडाळत जाणारी) घ्या, ८४ चौसेमीच्या आसपासची. तीच जर एक्सलवर न ठेवता खालच्या लिंकवर (पाटे काढले की एक्सलला चासीशी धरणारा दांडा), पुढच्या पिव्होटपासून लिंकच्या ७० टक्के अंतरावर बसवली तर भार ३५७ किलो होतो आणि दाब ६० पीएसआय. प्रत्येक बाजूला ६० किलो वाढले तरी ७५. हा पट्टा बरोबर आहे.

क्षेत्रफळ मी गोल आकड्यात धरलंय. खरेदीआधी त्या बॅगचा उत्पादकाचा तक्ता बघा. त्यात प्रत्येक उंचीला आणि प्रत्येक दाबाला किती भार उचलला जातो ते दिलेलं असतं. बॅगच्या बाहेरच्या व्यासावरून क्षेत्रफळ काढू नका, बाहेरचा फुगवटा भार उचलत नाही.

पण याहून महत्त्वाची गोष्ट उंचीची आहे, आणि लोअर केलेल्या गाड्यांमध्ये बहुतेक बिघाड तिथेच होतो. गाडी खाली हवी म्हणून लोक बॅगमधली हवा कमी करून चालवतात. समजा तुमची बॅग ७५ मिमीला पूर्ण दाबली जाते आणि १४० मिमीला तिची चालण्याची उंची आहे. ती ९५ मिमीवर चालवली तर खाली फक्त २० मिमी उरले, म्हणजे चाकाला जेमतेम ३३ मिमी. शिवाय आतल्या हवेचा साठा जवळपास एक तृतीयांशाने घटला. एअर स्प्रिंगचा कडकपणा दाबाच्या आणि क्षेत्रफळाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि आतल्या हवेच्या घनफळाच्या व्यस्त प्रमाणात. साठा कमी, धक्का जास्त. मग गाडी आपटते आणि दोष बॅगला दिला जातो. कापलेल्या कॉइलवर आज जे होतंय तेच पुन्हा होईल.

म्हणून उलट जा. गाडी १२० मिमीवर ठोकळ्यांवर उभी करा, कॉइल काढा आणि तिच्या घरातली वर-खाली उंची मोजा. समजा ती २१५ आली. बॅगला १४० हवेत, तर ७५ मिमी वरच्या आणि खालच्या ब्रॅकेटला मिळून वापरायचे. ब्रॅकेटची उंची अशी ठरते, बाजारातल्या तयार कपावरून नाही. तुम्हाला १२० वरून ४० वर यायचंय, म्हणजे चाकाचे ८० मिमी, बॅगचे ४८. १४० ची बॅग ९२ वर येईल. रबर स्टॉपर ९२ ला टेकेल असा लावा, जोरात आपटून दबला तरी ८५ च्या खाली जाऊ देऊ नका. ७५ पर्यंत अजून जागा उरते. बॅगने स्टॉपरचं काम कधीच करायचं नाही.

वेल्ड_आणि_ग्राइंडर

दाबमापक यांनी लिहिलेल्या हिशोबाला माझी पूर्ण सहमती. मागच्या बाजूचं मी सांगतो.

पाटे ठेवून बॅग लावली तर ती आधाराची बॅग होते, जास्त माल वाहणाऱ्या गाड्यांना लावतात तशी. पाट्यांचा स्वतःचा कडकपणा कायम राहतो आणि ते गाडीला ४० मिमीपर्यंत खाली बसूच देणार नाहीत. मग कोणीतरी सुचवतं की एकच मुख्य पाटा ठेवा, बाकी काढा. तसं करू नका. पाटा फक्त वजन उचलत नाही, एक्सलला पुढे-मागे आणि आडवं धरून ठेवतो आणि गती घेताना व ब्रेक लावताना एक्सलला फिरण्यापासून अडवतो. एकटा पाटा त्या पिळाला एस आकारात वाकतो, चाक उड्या मारतं, आणि शेवटी पाटा मधल्या बोल्टच्या भोकापाशी तुटतो.

चार लिंक घाला. सगळ्यांत सोपी रचना म्हणजे दोन खालच्या, दोन वरच्या समांतर लिंक आणि एक पॅनहार्ड दांडा (एक टोक चासीला, दुसरं एक्सलला; एक्सलला आडवं सरकू देत नाही). खालच्या लिंक चालण्याच्या उंचीला जमिनीला जवळपास समांतर ठेवा, वरच्या त्यांच्या सुमारे ७० टक्के लांबीच्या. पॅनहार्ड जमेल तितका लांब आणि चालण्याच्या उंचीला आडवा, समतल. का, ते आकड्यात बघा: ८०० मिमीचा दांडा समतल असताना एक्सल १०० मिमी वर गेला तर आडवा सरकतो ६ मिमी. ५०० मिमीचा असेल तर १०. फेंडरमध्ये टायर बसवताना हे चार मिमी फार मोठे असतात. पॅनहार्ड नको असेल तर वरच्या लिंक त्रिकोणात आणा, दोन्हींमधला कोन ४० अंशांहून कमी नको.

बॅग खालच्या लिंकवर बसवणार असाल तर ती लिंक आता नुसती ओढ-ढकल सोसत नाही, वाकण्याचा भारही सोसते. गोल पाइपची साधी लिंक तिथे चालत नाही. चौकोनी बॉक्स सेक्शन घ्या आणि बॅगच्या बैठकीखाली आतून आडवी पट्टी जोडा. लिंकवरच्या बैठकीचा आणि चासीच्या वरच्या बैठकीचा मध्य चालण्याच्या उंचीला एका रेषेत हवा, दोन्ही प्लेटी समांतर. खाली बसताना लिंक कमानीत फिरते, त्यामुळे थोडा कोन येणारच. तो टोकाच्या स्थितीत यावा, चालताना नको. स्लीव्ह बॅगला हा कोन कॉन्व्होल्यूटेडपेक्षा कमी सोसतो. स्लीव्ह तिरपी झाली की पिस्टनच्या एका बाजूला घासते आणि तिथे रबराचे धागे दिसू लागतात.

चासीचा नॉच, म्हणजे एक्सलला वर यायला जागा व्हावी म्हणून रेलमध्ये कापलेली खाच. एक्सल ट्यूबच्या वरची कड आणि चासीच्या खालची कड यांत चालण्याच्या उंचीला किती अंतर आहे ते मोजा. तुम्हाला ८० मिमी खाली जायचंय, वर स्टॉपरचा दबाव आणि ट्यूबच्या वर थोडी मोकळीक, म्हणजे ११० मिमी तरी हवेत. सध्या ठोकळ्यांमुळे तितकं अंतर नक्कीच उरलेलं नसणार. चासी कापण्याआधी ती एक्सलच्या दोन्ही बाजूंना, वजन जिथे येतं तिथे, पक्क्या घोड्यांवर (स्टँडवर) ठेवा आणि नॉचच्या पुढे-मागे एक तात्पुरता अँगल वेल्ड करून मगच काप मारा. नाहीतर कापल्याबरोबर रेल उघडते आणि परत जुळत नाही. ३ मिमी जाडीच्या रेलला ५ मिमीची प्लेट पुरते. प्लेट नॉचच्या दोन्ही टोकांपलीकडे १५० मिमी जाऊ द्या आणि तिची टोकं उभी सरळ कापू नका, तिरपी किंवा माशाच्या शेपटीसारखी कापा. उभ्या वेल्डच्या शेजारीच रेलला तडा जातो.

वेल्डिंग करताना बॅगा गाडीत नसाव्यात. तात्पुरत्या आराखड्यासाठी त्याच मापाचा लाकडाचा ठोकळा किंवा पाइपचा तुकडा कापून बॅगच्या जागी ठेवा. एक १४० चा, एक ९२ चा आणि एक पूर्ण लांबीचा. तिन्हींवर गाडी उभी करून बघितल्याशिवाय शेवटचा वेल्ड मारू नका. बॅटरीचे दोन्ही टोक आणि जे काही इलेक्ट्रॉनिक कंट्रोल असतील ते सुटे करा. आणि टाकीवर कधीही वेल्ड मारायचा नाही, भोक पाडायचं नाही. तिला तयार कान नसतील तर पट्ट्यांनी आवळा.

पाटेवाला

कळलं, पाटे जाणार. पुढे दोन शंका. एक, शॉकअप कॉइलच्या आतून जातो, तिथे आता बॅग येणार. शॉकअप कुठे लावायचा? दोन, पुढेही स्लीव्ह बॅग घेतली तर जास्त मऊ चालेल का?

टायरॉड

दुसरी शंका आधी. स्लीव्हचा कडकपणा सरळ रेषेत वाढतो, म्हणून ती मऊ वाटते, हे खरं. पण तुमच्या आर्मवर बॅगची खालची बैठक कमानीत फिरणार आहे. तो कोन डबल कॉन्व्होल्यूटेड बॅग सहज सोसते आणि आडवा थोडा सरकावही सोसते. शिवाय तुमच्या लीव्हरमुळे बॅगला लांब स्ट्रोकची गरज नाही, भाराची आहे. पुढे डबल, मागे स्लीव्ह. मॅकफर्सन स्ट्रटची गाडी असती तर बॅग स्ट्रटभोवती गेली असती आणि लीव्हर जवळपास एकास एक असता, तिथे स्लीव्हच योग्य.

शॉकअपला आर्मच्या पुढे किंवा मागे वेगळी बैठक द्यावी लागेल. खालची बैठक आर्मवर बॉल जॉइंटच्या जितकी जवळ जाईल तितकं चांगलं, कारण चाकाच्या हालचालीचा मोठा वाटा शॉकअपला मिळतो. शॉकअप तिरपा लावला तर त्याचं काम कोनाच्या कोसाइनच्या वर्गाने घटतं: २० अंशांना ८८ टक्के उरतं, ३० ला ७५, ४५ ला निम्मं. २० च्या आत राहा. चालण्याच्या उंचीला शॉकअपचा दांडा ४० ते ५० टक्के आत गेलेला असावा. जुन्याच लांबीचा शॉकअप ठेवला तर गाडी खाली बसवताना तो बॅगआधी तळाला टेकतो आणि सारं वजन त्याच्या पिस्टनवर येतं. तेल गळायला लागतं ते इथूनच. उलट दिशेने, बॅग पूर्ण ताणली जाण्याआधी शॉकअपने किंवा पट्ट्याने आर्म थांबवला पाहिजे. जॅकवर गाडी उचलल्यावर चाकाचं लटकतं वजन बॅगच्या क्रिंप केलेल्या (रिंगने दाबून बसवलेल्या) टोकांनी धरू नये.

आता स्टिअरिंग, कारण लोअर केलेल्या गाडीत याच्याकडे कोणी बघत नाही. आर्म उंचावून गाडी खाली आणली की टाय रॉड (स्टिअरिंगपासून चाकाला वळवणारा दांडा) आणि आर्मचे कोन एकमेकांना सोडतात, खड्ड्यात चाक आपोआप वळतं. शक्य असेल तर ड्रॉप स्पिंडल घ्या. त्याने चाकाचा धुराच वर सरकतो, आर्म मूळ कोनात राहतात आणि गाडी साधारण ५० मिमी बॅगला हात न लावता खाली येते. मग बॅगला तिची उंची देणं खूप सोपं होतं. बघा, तुमच्या ९० पैकी अर्ध्याहून जास्त तिथेच मिटतात.

बॅग बसवण्याआधी, नुसत्या ठोकळ्यांवर, चाक पूर्ण वर, पूर्ण खाली, आणि प्रत्येक स्थितीत स्टिअरिंग दोन्ही टोकांना फिरवून बघा. बॉल जॉइंट अडकतो का? टायरची आतली कड आर्मला लागते का? ब्रेकचा होज ताणतो का? त्यानंतर बॅग कमाल दाबावर फुगलेल्या व्यासाभोवती सगळीकडे २५ मिमी मोकळी जागा आहे ना ते बघा. बोल्टचं टोक, वेल्डचा मणी, ब्रॅकेटची धार, कशालाही बॅग एकदा जरी टेकली तरी भोक पडतं. सायलेन्सरचा पाइप १५० मिमीच्या आत असेल तर मध्ये पत्र्याची ढाल हवी.

अलाइनमेंट चालण्याच्या उंचीलाच करायचं. खाली बसवल्यावर कॅम्बर (चाकाचा उभा कल) आत झुकलेला दिसेल, त्याला हात लावू नका.

आणि एक तपासणी दोरीने करा. डाव्या टायरच्या जमिनीला टेकणाऱ्या जागेपासून उजव्या रिमच्या खालच्या कडेपर्यंत दोरी ताणा, मग उलट बाजूने तशीच. या दोन रेषांच्या खाली गाडीचा कुठलाही भाग, लिंकची बैठक, क्रॉस मेंबर, शॉकअपचा बोल्ट, काहीही येता कामा नये. टायर फुटला आणि गाडी रिमवर आली तर जे या रेषेच्या खाली असेल ते रस्त्याला टेकतं आणि स्टिअरिंग तुमच्या हातात राहत नाही. ही तपासणी चालण्याच्या उंचीला आणि पूर्ण हवा काढून, दोन्ही वेळा करा. बॅग चालताना फुटू शकते, तेव्हा गाडी स्टॉपरवर बसेल. त्या स्थितीतही चाक वळलं पाहिजे.

बारावोल्ट

टाकी आणि कॉम्प्रेसरबद्दल कोणी बोललं नाही, आणि किटमधली तीच गोष्ट सगळ्यांत कमजोर आहे.

३ गॅलन म्हणजे ११.४ लिटर. चार बॅगा चालण्याच्या उंचीला मिळून १० लिटर हवा धरतात असं समजा, माणसं बसलेली धरून सरासरी ७५ पीएसआयवर. खाली बसलेल्या असताना चारांत मिळून चार लिटर, दाब शून्य. टाकी १५० वर भरलेली असताना एकदा गाडी उचलली तर टाकीत शेवटी उरतात ७६ ते ७७ पीएसआय. म्हणजे बॅगेच्या दाबाइतकेच! शेवटचे काही मिलिमीटर गाडी रडत रडत वर येईल, कारण ढकलायला फरकच उरला नाही. तीच टाकी २०० ला भरली तर उरतात १२६. आणि ५ गॅलनची, १९ लिटरची टाकी २०० ला भरली तर १५५ च्या पुढे. हिशोब साधा आहे: निरपेक्ष दाब गुणिले घनफळ, आधीची आणि नंतरची बेरीज सारखी. वातावरणाचे १४.७ मिळवायला विसरू नका, नाहीतर उत्तर चुकतं.

तर ५ गॅलनची टाकी आणि १६५ ला चालू, २०० ला बंद होणारा प्रेशर स्विच. टाकीवरचा छापील कमाल दाब २०० च्या वर असला पाहिजे आणि सेफ्टी व्हॉल्व्ह स्विचच्या बंद होण्याच्या दाबाच्या थोडा वर, टाकीच्या मर्यादेच्या खाली. कॉम्प्रेसर निवडताना ड्यूटी सायकल वाचा. ५० टक्के म्हणजे तासात तीस मिनिटं चालणार, तीस मिनिटं थंड होणार, आणि तो आकडा कुठल्या दाबाला दिलाय तेही बघा. १०० पीएसआयला १०० टक्के असलेला कॉम्प्रेसर २०० ला तसा नसतो.

कॉम्प्रेसरसोबत येणारा जाळीचा छोटा होज कधीही कापू नका, त्याच्या जागी प्लॅस्टिकची नळी लावू नका. कॉम्प्रेसरच्या डोक्यातून निघणारी हवा इतकी गरम असते की नायलॉन मऊ पडतं. त्या होजच्या टाकीकडच्या टोकाला चेक व्हॉल्व्ह (हवा एकाच दिशेने जाऊ देणारा) असतो. कॉम्प्रेसर थांबल्यावर पुन्हा सुरू होताना गुरगुरतो आणि फ्यूज उडतो, असं दिसलं तर आधी हा व्हॉल्व्ह बघा. तो गळत असला की टाकीचा दाब डोक्यात परत येतो आणि मोटर दाबाविरुद्ध सुरू होऊ शकत नाही.

वायरिंग: प्रेशर स्विचने फक्त रिलेची कॉइल चालवायची, कॉम्प्रेसरचा करंट त्यातून नेऊ नका. प्रत्येक कॉम्प्रेसरला वेगळा ४० अँपिअरचा रिले आणि बॅटरीपासून हातभर अंतरात फ्यूज. २० अँपिअरचे दोन कॉम्प्रेसर आणि बॅटरीपासून डिकीपर्यंत ५ मीटर वायर असेल तर १० चौमिमीची तांब्याची वायर घ्या, घट ०.३५ व्होल्ट. ४ चौमिमीत तीच घट जवळपास ०.९ होते, त्यात अर्थची वेगळी. व्होल्टेज कमी म्हणजे मोटर हळू, टाकी उशिरा भरते, मोटर तापते. रिलेची कॉइल किल्लीच्या लाइनवरून घ्या, म्हणजे गाडी बंद असताना एखादी गळती रात्रभर बॅटरी खाणार नाही.

सोळाचा_पाना

नळ्या आणि फिटिंग्ज, कारण शेवटी त्रास इथेच होतो.

नळी एअर ब्रेकची नायलॉन, डीओटी (अमेरिकी वाहतूक खात्याचं मानक) छापाची. टाकी ते मॅनिफोल्डच्या नळीवर पूर्ण २०० पीएसआय येतात, त्यामुळे तिचा कामाचा दाब त्याहून जास्त असल्याची तक्त्यातून खात्री करा. बॅगांच्या नळ्यांवर तितका भार नाही. माप पाव इंच की तीन अष्टमांश इंच, यावर लोक खूप भांडतात. ज्याला गाडी झटकन उठवायची त्याने मोठी घ्यावी. तुम्हाला फक्त उभं राहताना बसवायची आहे, पाव इंच पुरते. मोठ्या नळीत बटणाला बोट लागताच उंची १० मिमीने पुढे-मागे होते, चालण्याच्या उंचीला नेमकं थांबता येत नाही.

नळी कात्रीने कापू नका. तिच्या कटरने काटकोनात कापा. कात्रीने कड अंडाकृती होते आणि फिटिंगची रिंग एका बाजूने सुटते. नळी फिटिंगमध्ये किती आत जायला हवी ती खूण आधी नळीवर करा, ढकलल्यावर खूण आत गेली पाहिजे. फिटिंगच्या तोंडापाशी नळीला लगेच वाकवू नका, निदान ५० मिमी सरळ जाऊ द्या. टेपर थ्रेडला पातळ सीलिंग पेस्ट लावा, पहिले दोन आटे कोरडे सोडून. हाताने घट्ट झाल्यावर दीड ते दोन आटे पुरतात. बॅगचं तोंड ॲल्युमिनियमचं असेल तर त्याहून जास्त आवळलं की तडा जातो, आणि तो तडा रंगाखाली दिसत नाही.

पाण्याचा निचरा टाकीच्या सगळ्यांत खालच्या बिंदूला, हवा घ्यायची वरच्या तोंडातून, आणि टाकी व मॅनिफोल्डच्या मध्ये वॉटर ट्रॅप. कॉम्प्रेसरची शोषण नळी कोरड्या, थंड जागी न्या, चाकाच्या कमानीत नको. गाडी वापरात असेल तर निचऱ्याचा नळ आठवड्यातून एकदा उघडा.

दाबमापक

सोळाचा_पाना, पेस्टऐवजी पांढरी टेप चालते की, दोन फेरे नीट दिले तर. बाकी सगळं मान्य.

सोळाचा_पाना

टेपने गळती थांबते, यात वाद नाही. अडचण दुसरी आहे. फिटिंग परत उघडताना टेपचा तुकडा आत पडतो आणि थेट मॅनिफोल्डच्या व्हॉल्व्हच्या बैठकीवर जाऊन बसतो. व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाही, एक कोपरा हळूहळू खाली येतो, आणि शोध मात्र बॅगेत घेतला जातो. मॅनिफोल्डच्या जवळपास तरी टेप नको.

पाटेवाला

दोन शेवटचे प्रश्न. उंचीचे सेन्सर घ्यावेत की नुसत्या दाबावर चालणारा कंट्रोल? आणि पुढच्या दोन बॅगा एकाच नळीवर घेतल्या तर दोन व्हॉल्व्ह वाचतात, ते करू का?

टायरॉड

नळी एकत्र करू नका. डावीकडे वळताना उजवी बॅग दबते, तिची हवा डावीकडच्या हलक्या बॅगेत जाते आणि गाडी आणखी झुकते. जितकं जास्त वळण, तितकं वाईट. चारही बॅगा वेगळ्या, प्रत्येकीला भरण्याचा एक आणि सोडण्याचा एक व्हॉल्व्ह. अँटी-रोल बारही (वळणावर गाडीचं झुकणं रोखणारी दांडी) काढू नका, फक्त तिची लिंक चालण्याच्या उंचीला बसेल अशा लांबीची करा आणि खाली बसवताना ती आर्मला अडत नाही ना ते बघा.

बारावोल्ट

सेन्सरबद्दल. दाबावरचा कंट्रोल फक्त दाब जुळवतो. मागे दोन माणसं बसली की तोच ६० पीएसआय आता कमी उंची देतो. तुमच्या गाडीत चासी १२० मिमीवर चालणार, म्हणजे १५ मिमीचा फरकही लागतो. उंचीचे सेन्सर घ्या. पण सेन्सरचा दांडा त्याच्या फिरण्याच्या मधल्या भागात बसवा, खालच्या आणि वरच्या टोकाला तो सरळ रेषेत येऊन उलटता कामा नये. गाडी पूर्ण खाली, पूर्ण वर, असं तीन-चार वेळा करून बघा आणि मग कॅलिब्रेट करा. कॅलिब्रेशन सपाट जमिनीवर आणि टाकी पूर्ण भरलेली असताना, नाहीतर मध्येच हवा संपून कंट्रोल चुकीची मर्यादा शिकतो.

सोळाचा_पाना

आणि पहिल्यांदा हवा भराल तेव्हा. गाडीखाली चासीला घोडे लावल्याशिवाय खाली जायचं नाही. बॅग गाडीबाहेर, मोकळी, फुगवून बघायची नाही. वर-खाली धरायला काही नसेल तर ती टोकं उडवते. प्रत्येक कोपरा ३० पीएसआयपर्यंत एकेक करून भरा, साबणाचं पाणी लावा, मग ६०, मग चालण्याचा दाब. त्यानंतर रात्रभर ठेवून चारही कोपऱ्यांचा दाब आणि उंची सकाळी लिहा.

सकाळी थोडा उतरलेला दिसला तर लगेच घाबरू नका. संध्याकाळी २५ अंश आणि पहाटे १० अंश असेल तर बंद टाकीत १०० पीएसआयचे नुसत्या थंडीने ९४ होतात; बॅगेवर गाडीचं वजन असतं, म्हणून तिथे दाबापेक्षा उंची उतरते. चारही बॅगा सारख्या प्रमाणात उतरल्या असतील तर ती थंडी. एकच कोपरा जास्त उतरला असेल तर त्या कोपऱ्याची नळी मॅनिफोल्डपासून सोडवा, तोंड बुचाने बंद करा आणि पुन्हा रात्रभर ठेवा. आता तो टिकला तर बॅग आणि फिटिंग चांगली आहेत, गळती मॅनिफोल्डच्या व्हॉल्व्हमध्ये आहे. नाही टिकला तर बॅगचं तोंड आणि तिथली फिटिंग साबणाने परत बघा, आणि तेही कोरडं निघालं तर बॅग काढून पाण्यात बुडवण्याऐवजी आधी जागेवरच, चालण्याच्या उंचीला, क्रिंपच्या रिंगभोवती पाणी सोडा. काही गळत्या बॅग ताणलेल्या अवस्थेतच उघडतात.

वेल्ड_आणि_ग्राइंडर

पहिले १५० किमी झाले की लिंकचे सगळे बोल्ट, बॅगच्या बैठकीचे बोल्ट आणि पॅनहार्डची दोन्ही टोकं पुन्हा टॉर्क पान्याने तपासा. आणि रबर बुश असतील तर त्यांचे बोल्ट चालण्याच्या उंचीला गाडी उभी असतानाच शेवटचे आवळा. जॅकवर लटकत्या एक्सलला आवळले तर बुश कायम पिळलेले राहतात आणि काही महिन्यांत फाटतात. मागच्या शाफ्टच्या जॉइंटचे कोनही तेव्हाच मोजा: गिअरबॉक्सकडचा आणि डिफरन्शियलकडचा कोन सारखा आणि उलट दिशेचा हवा, तीन अंशांच्या आत. वरच्या लिंकची लांबी थोडी बदलून तो जुळवता येतो, म्हणून तिथे ॲडजस्टेबल टोक ठेवा.